तिरकमठ्याचं लाकूड कुणाचं?

(तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुम्ही मला तिरकमठ्यावर बोलायला बोलावलं. तिरकमठा म्हटला की आपल्याकडचा वक्ता लगेच एकलव्य काढतो. द्रोणाने अंगठा मागितला, एकलव्याने कापून दिला, आणि पुढे तासभर त्या अंगठ्यावर टाळ्या. मी पडलो बुरडाचा पोरगा. माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न येतो. अंगठा जायच्या आधी त्या पोराच्या हातात धनुष्य होतं. त्या धनुष्याचं लाकूड त्याने कुठून आणलं? कुणाला विचारून आणलं? वाटेत कुणी अडवलं नाही काय?

ग्रंथ रचणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याला स्वतः कधी लाकूड तोडायला जावं लागलं नाही. ज्याला जावं लागतं त्याला पहिला हाच प्रश्न पडतो. म्हणून आज मी नेमाबद्दल कमी आणि लाकडाबद्दल जास्त बोलणार. कोणतं लाकूड, कधी तोडायचं, कुठून तोडायचं, आणि तोडताना खिशात कोणता कागद पाहिजे. कागद नसला तर त्या लाकडाचं धनुष्य व्हायच्या आधी केस होते.

आधी लाकूड घ्या.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या कामाला दोन चांगली. एक धामण. साप नाही, झाड. धामणीचं लाकूड चिवट. वाकतं, पण मोडत नाही, आणि सोडलं की पुन्हा सरळ होतं. म्हणून जुनी माणसं कावडीचा दांडा धामणीचा करत, कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा करत, आणि कमठाही धामणीचा करत. दुसरा बांबू. सातपुड्यातल्या भिल्लांचा कमठा बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची. बाजारातून सुतळीचा तुकडाही आणायचा नाही. एका बेटातून सगळं हत्यार उभं राहतं.

बांबूतही निवड असते. कटांग जाड, काटेरी, आतून पोकळ. तो घराला, मांडवाला चांगला. कमठ्याला मानवेल घ्या. कांडं बारीक, भिंत जाड, बुडाशी तर जवळपास भरीव. यंदाचा कोंब कितीही सरळ, कितीही हिरवागार दिसला तरी त्याला हात लावू नका. त्याच्या गाठींना खोळ चिकटलेली असते, अंगावर पांढरी भुकटी असते. तो बाळ आहे. वाळला की सुरकुततो. तीन वर्षांच्या पुढचा बांबू बघा. रंग उतरलेला, अंगावर डाग पडलेले, कोयत्याच्या पाठीने ठोकला तर टणक वाजणारा. तोडायचा तो पाऊस संपल्यावर, थंडीत. पावसाळ्यात बेटात नवे कोंब येतात, आपण आत शिरलो की ते पायाखाली मोडतात, आणि तेव्हा तोडलेल्या बांबूला भुंगाही लवकर लागतो. तोडताना जमिनीलगतची एक गाठ सोडून तिच्या वर घाव घाला. खुंट उंच ठेवला तर बेट गुंतून बसतं. गाठीच्या खूप वर तोडला तर खुंटात पाणी साचून तो सडतो. आणि बेट कधी सफाचट करू नका. जुन्यातले काही बांबू उभे राहिले पाहिजेत, नव्या कोंबाला टेकायला. म्हातारा माणूस घरात लागतो ना, तसंच.

मग सावलीत वाळवा. उन्हात टाकला की चिरतो. वाळल्यावर चिरून साधारण पाच फुटांची पट्टी काढा. तासायचं ते आतल्या पोटाकडून. वरची साल सोलायची नाही, कारण बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. दोन्ही टोकं सारखी वाकली पाहिजेत. एक टोक ताठ आणि एक लवचीक असलं तर लवचीक टोकावर सगळा भार येतो आणि तेच मोडतं. आपल्या समाजाचं दुसरं काय झालंय?

हे सगळं ज्ञान कुणाचं आहे? गोंडाचं, भिल्लाचं, कातकऱ्याचं, बुरडाचं. बुरूड म्हणजे महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतली जात. सूप, टोपली, हारा, दुरडी, कणगी, तट्टा. तुमच्या घरात लग्न लागलं तर आमची टोपली, मयत झाली तर आमचा बांबू. जन्मभर बांबू चिरणारा हा माणूस, पण त्याच्या मालकीचं बेट बघायला मिळत नाही. ज्ञान आमचं, हात आमचे, आणि लाकूड सरकारचं. हे कसं झालं ते आता ऐका.

इंग्रजाने १८६५ साली पहिला वनकायदा केला. १८७८ साली तो आणखी आवळला. आणि १९२७ साली भारतीय वन अधिनियम आणला, तो आजही चालू आहे. १९२७ हे साल आपल्याला पाठ आहे. त्या वर्षी २० मार्चला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला शिवले आणि २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. या दोन तारखांच्या मधे, सप्टेंबरात, हा कायदा झाला. एकीकडे आपण पाणी मोकळं करत होतो, तेव्हा दुसरीकडे सरकार जंगल बंद करत होतं.

त्या कायद्याच्या कलम २ मध्ये झाडाची व्याख्या आहे. त्यात लिहिलं, झाड म्हणजे ताड-माड, बांबू, खुंट, झुडपं, वेतसुद्धा. बांबू हे गवत आहे. कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या मास्तराला विचारा. पण कायद्याने गवताला झाड ठरवलं, कारण झाड ठरलं की तोडायला परवाना, वाहायला परवाना, आणि परवाना द्यायला साहेब. ज्या देशात माणसाला अस्पृश्य ठरवता येतं, तिथं गवताला झाड ठरवायला काय लागतं?

याहून भारी आहे कलम ६९. ते तोंडपाठ करून ठेवा. वनउपज सरकारची आहे की नाही असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच आहे असं धरून चालायचं. म्हणजे तुमच्या खांद्यावर बांबू दिसला की तो सरकारचा. तो चोरीचा आहे हे त्यांनी सिद्ध करायचं नाही, तो चोरीचा नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. खुनाच्या आरोपीलाही कोर्ट आधी निर्दोष धरतं. बांबूवाल्याला ती सवलत नाही.

माझ्या बापाची गोष्ट सांगतो. त्याने एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचे बांबू रोख पैसे देऊन घेतले. सायकलला बांधले आणि गावाकडे निघाला. नाक्यावर गार्डने हात दाखवला. ‘कुठचा बांबू?’ बाप म्हणाला, ‘इकत घेतला साहेब.’ ‘कागद कुठाय?’ कागद कुठला? धुऱ्यावरच्या सौद्याला कोण कागद करतं? मग पंचनामा झाला. पंचनामा कसला, कोरा कागद. बापाला लिहिता येत नव्हतं. साहेबाने शाईची डबी पुढं केली आणि बापाने अंगठा उठवला. वर काय लिहिलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. राखीव जंगलात शिरून तोड केली असं लिहिलं होतं. बांबू गेले, सायकल गेली, आणि सायकल सोडवायला तडजोडीची रक्कम भरावी लागली. त्या रकमेसाठी आईने सहा महिने दुसऱ्याची धुणी धुतली.

एकलव्याचा अंगठा सुरीने घेतला. आमचा अंगठा शाईने घेतात. रक्त निघत नाही, म्हणून त्यावर कुणी कविता करत नाही.

आता हाच कायदा दुसऱ्या माणसाला कसा वागवत होता ते बघा. माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवलंय की १९५८ साली कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारने टनाला दीड रुपया भावाने बांबू दिला. टनाला, एका बांबूला नाही. त्याच काळात बुरूड बाजारातून बांबू घ्यायचा तो बाजारभावाने, आणि तो भाव टनाला शेकड्यांनी नाही, हजाराच्या घरात होता. गिरणीने बेटंच्या बेटं साफ केली तर तो विकास. बुरडाने चार बांबू नेले तर ती चोरी. जंगल कुणी संपवलं हे मग आम्हाला विचारू नका.

पण दोस्तहो, नुसतं रडगाणं गायला मी आलेलो नाही. गेल्या वीस वर्षांत तीन गोष्टी बदलल्या. त्या आपल्या पोरांना माहीतच नाहीत, आणि ते माहीत नसण्यावर बऱ्याच जणांचं पोट चालतं.

पहिली, २००६ चा वनहक्क कायदा. त्यात गौण वनउपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिला. आणि कलम ३ मध्ये म्हटलं की पूर्वापार गोळा करत आलेल्या गौण वनउपजावर जंगलात राहणाऱ्याची मालकी आहे. मालकी! गोळा करायची, वापरायची आणि विकायचीसुद्धा.

दुसरी, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू वाहायचा परवाना खातं देईना. मालकी तुमची, पण हलवायचा नाही! गाव अडून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. पुढं २०१२ साली नियमच बदलला. वनहक्क मिळालेल्या गावात गौण उपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते, किंवा ग्रामसभेने नेमलेला माणूस देतो. म्हणजे टीपीवर आता तुमच्याच गावच्या माणसाची सही.

तिसरी, २०१७. नोव्हेंबरात वटहुकूम निघाला, मग संसदेने कायदा केला, आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला. नव्वद वर्षं झाड म्हणून जगलेलं गवत पुन्हा गवत झालं. पण नीट ऐका, इथं पोरं फसतात. ही सूट जंगलाबाहेरच्या बांबूला आहे. शेतातला, धुऱ्यावरचा, परसातला बांबू. जंगलातून आणलेला बांबू आजही वनउपजच आहे.

मग कमठ्यासाठी बांबू आणायचा तर वाटा किती? माझ्या हिशेबाने चार.

शेतकऱ्याच्या बेटातून घ्या. सगळ्यात सोपी वाट. तोडायचा परवाना नको, वाहतुकीचा नको. पण कलम ६९ अजून जिवंत आहे हे विसरू नका. शेतकऱ्याकडून साधी पावती घ्या. किती बांबू, कोणत्या गटातले, कोणत्या तारखेला, किती पैशाला, आणि खाली सही. सोबत सातबाऱ्याची झेरॉक्स. दोन रुपयांचा कागद आहे, पण माझ्या बापाकडे तो असता तर सायकल वाचली असती.

दुसरी वाट, सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथं ग्रामसभेकडे जा. गावाने ठरवलेल्या नियमाने, ठरवलेल्या बेटातून तोडा आणि गावचा परवाना घेऊनच निघा.

तिसरी, वनखात्याचा डेपो. बुरडांना नोंदणीच्या कार्डावर बांबू द्यायची पद्धत आहे. ज्याच्या घरी कार्ड असेल त्याने ते ट्रंकेत ठेवू नये, वापरावं.

चौथी, जंगल आहे पण गावाला हक्क मिळालेला नाही. तिथं आज कोयता घेऊन जायचं नाही. तिथं आधी दावा करायचा.

आणि धामण? धामण हे झाडच आहे, गौण उपज नाही. जंगलातल्या धामणीला वनहक्काचा आधार मिळत नाही. खाजगी जमिनीवरची असेल तर मालकाची संमती घ्या, आणि तोडायच्या आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. खाजगी जमिनीवरच्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, खैर, बिजा, तिवस, ऐन, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा. म्हणून माझं म्हणणं, शिकायचं असेल तर बांबूवर शिका. एक धामण तोडली की ती उभी राहायला पिढी जाते. बांबूचं बेट नीट राखलं तर दर पावसाळ्यात नवे कोंब देतं.

आणखी एक सांगून ठेवतो, नाहीतर शिबिरातून उठून कुणी थेट ताडोब्यात जाईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत तिरकमठ्याचं नाव आहे. परवानगीशिवाय तो घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क दिलेला नाही. आणि पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा हुकूम लागू असला तर कमठा खांद्याला अडकवून चौकातून मिरवू नका. त्यांना निमित्तच पाहिजे असतं. सराव करा शाळेच्या मैदानावर, मागं मातीचा बांध घालून, उजेडात, चार लोकांदेखत.

आता जरा नाजूक गोष्ट. वनहक्क आदिवासींचा, आपला काय संबंध, असं आपलीच पोरं म्हणतात. वरून काही पुढारीही तेच सांगतात, कारण गोंड आणि बौद्ध, गोंड आणि बुरूड भांडत राहिले तर ठेकेदाराचं फावतं. कायदा काय म्हणतो? आदिवासी नसलेले पण जंगलावर जगणारे, त्यांनाही हक्क आहे. त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणतात. अट मोठी आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहून जंगलावर पोट भरल्याचा पुरावा. ज्यांच्या बापजाद्याला अक्षर शिकू दिलं नाही, त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद मागायचा! ही थट्टा आहे, आणि ती थट्टा आहे असं मोठ्याने म्हटलं पाहिजे.

पण म्हणत बसून वेळ घालवू नका. पुराव्यात जुन्या शिरगणतीच्या नोंदी चालतात, सेटलमेंटचे कागद, निस्तारपत्रक, गॅझेटियर चालतं. आणि दावेदाराशिवाय दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. एकटा जबाब पुरत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. बुरडाची म्हातारी आणि गोंडाचा म्हातारा समोरासमोर बसवा. म्हातारी सांगेल की कोणत्या डोंगराचा बांबू तिची सासू आणायची. म्हातारा सांगेल की होय, मी बघितलंय. दलिताच्या हक्काला आदिवासीची साक्ष आणि आदिवासीच्या दाव्याला दलिताची हजेरी. ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. आपल्या मोहल्ल्यातले लोक गेले नाहीत तर ती सभाच पुरी होत नाही. भाषणात आपण एकीचा फार गजर करतो. एकी करायची जागा ही आहे, सतरंजीवर, हजेरीच्या वहीत.

कुणी विचारेल, हे सगळं कशासाठी? बंदुकीच्या जमान्यात तिरकमठा कशाला? उदयपूरकडचा लिंबाराम आदिवासी घरातला. बांबूच्या धनुष्यावर शिकला आणि १९८८, १९९२, १९९६ अशा तीन ऑलिंपिकला गेला. १९९२ साली बीजिंगला त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. रांचीची दीपिका कुमारी रिक्षावाल्याची पोरगी. तीही बांबूच्या धनुष्यावरच नेम धरायला शिकली, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदकं आणली. आजही आपल्या देशातल्या धनुर्विद्येच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ म्हणून बांबूच्या धनुष्याचा वेगळा गट असतो. परदेशी धनुष्य लाखांच्या घरात जातं, ते आपल्या पोरांना कोण घेऊन देणार? बांबूचा कमठा मात्र आपण हाताने करू शकतो. शर्त एवढीच की बांबू आपल्या हक्काचा पाहिजे.

चोरीचा बांबू आणू नका, असं मी सांगतो ते कायदा पवित्र आहे म्हणून नाही. हा कायदा आम्हाला चोर धरून लिहिलेला आहे. पण चोरून आणलेल्या प्रत्येक बांबूने आपण त्याला खरं ठरवतो. रात्री तोडलेला बांबू रात्रीच वापरावा लागतो. ज्या पोराने हक्काने बांबू आणला तो दिवसा, मैदानात, कलेक्टरच्या समोर उभा राहून नेम धरतो. त्याची मान आणि त्याचा हात, दोन्ही सरळ असतात.

तेव्हा इथून गेल्यावर तीन कामं करा. एक, आपल्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय का ते ग्रामपंचायतीत विचारा. दावा पडून असेल तर त्याची तारीख लिहून आणा. दोन, मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे वही घेऊन बसा. जंगलातून काय आणायचे, कुठून आणायचे, कोण सोबत असायचं ते लिहून काढा. म्हातारी माणसं थांबत नाहीत, हे काम या महिन्यातच करा. तीन, ज्याच्या घरामागं हातभर जागा असेल त्याने पहिल्या पावसात मानवेलचं एक रोप लावावं. तीन-चार वर्षं राखावं, बेट धरू द्यावं. त्या बेटाचा बांबू कुठचा, असं कुणी विचारलं तर सातबारा दाखवा.

आणि कुठल्याही नाक्यावर, कुठल्याही साहेबापुढं, कोऱ्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, सही करायची नाही. वाचून दाखव म्हणायचं. वाचता येत असेल तर स्वतः वाचायचं, पटलं नाही तर तसं त्याच कागदावर लिहायचं, आणि प्रत मागायची.

थंडी पडली की माझ्याकडे या. कोयता मी देतो, चिरायचं मी शिकवतो. बांबू तुम्ही आणा. पावतीसकट.

जयभीम!